लांबून दिसणारं लालबाग

परळ-लालबागचा परदेशी फोटो ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. खाली चाळीचं कौलारू छप्पर, त्यावर निळी ताडपत्री, मधे गिरणीची विटांची चिमणी, मागे काचेचा टॉवर. जमलं तर पुढच्या अंगाला दांडीवर वाळत घातलेले कपडे. फोटोग्राफर कधी लंडनचा, कधी न्यूयॉर्कचा, कधी हॅम्बुर्गचा. चौकट मात्र ठरलेली. सोबतच्या मजकुराचा सूरही ठरलेला: भारताची अर्थव्यवस्था पुन्हा धावू लागली आहे, पण काही जण मागे राहिले आहेत.

यात खोटं काहीच नाही. चिमणी खरी, टॉवर खरा, कपडेही खरेच. अडचण निराळी आहे. असा फोटो श्रीमंत आणि गरीब यांच्यातलं अंतर फुटांत मोजतो. परळ-लालबागच्या गिरणगावाचे हाल मोजायचे तर वर्षं मोजावी लागतात. कोण किती वर्षं थांबलं, कशासाठी थांबलं, आणि थांबायला कुणी लावलं, हे एका फोटोत बसत नाही. चार दिवसांत चार बातम्या करून पुढच्या शहरात जायचं असलेल्या वार्ताहराच्या वहीत तर बसतच नाही.

तारखा नुसत्या शेजारी-शेजारी मांडून पाहू. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाच्या वर गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. काही गिरण्या उघडल्या, बऱ्याच अर्ध्यामुर्ध्या चालल्या. बदली कामगारांना कुणी विचारलं नाही आणि कायम असलेल्यांतले अनेक जण ‘हिशेब’ घेऊन गावी गेले. नऊ वर्षांनी, १९९१ साली, मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला. जगभरच्या अर्थविषयक पत्रकारितेत नव्या भारताची जन्मतारीख आजही तीच धरली जाते. त्याच वर्षी मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन पूर्ण विकासाला काढली तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. कागदावर हा सौदा वाईट नव्हता. चाळीचाळींतून त्याचा हिशेब मांडला गेला, घरं किती होतील याच्या गणिताने सभा भरल्या.

२००१ मध्ये या नियमात एक बारीक दुरुस्ती झाली. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. साचेखातं, सूतखातं, गोदाम यांच्याखालची जमीन त्यातून बाहेर. गिरणी म्हणजे मुळातच शेड. तिच्या आवारात मोकळं असतंच किती? ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली नाही. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. दरम्यान २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, मुंबई टेक्स्टाइल आणि कोहिनूर क्रमांक ३ अशा पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. रक्कम २,००० कोटींच्या वर. त्यातली मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटींना गेली. दादरच्या कोहिनूरला ४२१ कोटी आले. शिवसेना भवनासमोर आज जो टॉवर उभा आहे तो याच जागेवर.

आणि २६ जून २००६ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर भारत झळकला. नर्तकीच्या साजातली तरुणी आणि तिच्या कानाला कॉल सेंटरचा हेडसेट. न्यायालयाच्या निकालाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. भूखंडाच्या वाटणीचा निकाल मुखपृष्ठावर येत नसतो, हे मलाही कळतं. पण ज्या सुबत्तेचं ते चित्र होतं, तिचा एक मोठा हिस्सा मुंबईत याच निकालातून मोकळा झाला. ज्या जागेत हेडसेट लावून बसायचं ती जागा कुणाकडून सुटली, हा प्रश्न बातमीच्या बाहेर राहिला की उरतात फक्त ‘मागे राहिलेले’. जणू गाडी सुटली तेव्हा ते झोपले होते.

एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवा. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची वेळ, अचानक आलेला पाऊस, चेंगराचेंगरी, २३ मृत्यू. बातमी जगभर गेली. ती बहुतेक ठिकाणी गर्दीची, जुनाट पुलाची, मुंबईच्या गजबजाटाची होती. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसं गेली. ही दुसरी बातमी बेकायदा पबची झाली. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गिरणीच्या भोंग्यावर चाळीतून चालत कामावर येणाऱ्या माणसांसाठी जी वस्ती उभी राहिली, तिच्यात विरार, कल्याण, पनवेलहून गाडीने येणाऱ्या लाखो नोकरदारांची कार्यालयं कोंबली गेली. कामगार पायी येत असे, म्हणून स्टेशनचा पूल अरुंद असला तरी कधी कुणाचं अडलं नाही. कार्यालयं उभी राहिली, पूल तेवढाच राहिला. उद्ध्वस्त गिरण्यांच्या आणि उत्कर्षाच्या गोष्टी परदेशी वृत्तपत्रांत वेगवेगळ्या पानांवर येतात. त्या पुलावर त्या एकाच जिन्यात उभ्या होत्या.

मग प्रश्न येतो तो हाल दिसण्याचा. लालबागच्या चाळीत कॅमेरा शिरला की त्याची पंचाईत होते. दहा बाय बाराची खोली, पण फळीवर स्टीलचे डबे ओळीने घासून-पुसून ठेवलेले. भिंतीवर कालनिर्णय, कोपऱ्यात फ्रीज, त्यावर विणलेला रुमाल. घरातला माणूस पाहुणा येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. नोकरी जाऊन वीस वर्षं झाली, पोराचं शिक्षण बारावीला तुटलं, बायको चार घरी पोळ्या लाटते, हे सगळं त्या शर्टाच्या आत. या घरात दारिद्र्य शोधायला आलेला माणूस निमूट चहा पिऊन धारावीला जातो. २००८ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’ आला, पुढच्या वर्षी त्याला आठ ऑस्कर मिळाली आणि धारावी हा मुंबईच्या गरिबीचा अधिकृत पत्ता झाला. तोवर तिथे पैसे घेऊन वस्ती दाखवणाऱ्या सहलीही सुरू झाल्या होत्या. गिरणगावाला तशी सहल नाही. दाखवणार काय? कुलूप?

त्यात बायका तर आणखीच दिसेनाशा होतात. गिरणीतल्या एकट्या, गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या पुरुषांचं पोट खानावळवालीवर चालायचं. घाटावरची, कोकणातली बाई, स्वतःच्या खोलीत दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करणार आणि महिन्याच्या पगाराला पैसे घेणार. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. पुढे संप आला. जेवणारे गावी गेले, मागे उधारी राहिली. या बाईचं नाव कुठल्याच गिरणीच्या हजेरीपटावर नव्हतं, त्यामुळे तिची गणती संपकऱ्यांत नाही, बेकारांत नाही आणि नुकसानभरपाई मागणाऱ्यांतही नाही. गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन १९५९ साली सुरू केलेल्या लिज्जत पापडाची गोष्ट जगाला ठाऊक आहे आणि ती कौतुकाचीच आहे. पण ती यशाची गोष्ट आहे म्हणून प्रवास करते. खानावळवालीची उधारी प्रवास करत नाही.

डबेवाल्यांचं तर काय सांगावं! परदेशी पत्रकारांनी मुंबईच्या कष्टकऱ्यांपैकी कुणाला मनापासून डोक्यावर घेतलं असेल तर त्यांना. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरची ही माणसं. परंपरेने महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास ही पद्धत सुरू केली असं सांगतात. १९९८ साली ‘फोर्ब्स’ मासिकाने त्यांच्यावर लेख छापला. डबेवाल्यांच्या संघटनेचे रघुनाथ मेदगे यांना चूक किती वेळा होते असं विचारलं गेलं. त्यांनी अंदाजाने सांगितलं की जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांत एखादी. लेखकाने त्याचा भागाकार केला आणि लाखो डब्यांमागे एक चूक असा आकडा जगात गेला. कुणी साठ लाखांत एक म्हणालं, कुणी एक कोटी साठ लाखांत एक. पाठोपाठ ‘सिक्स सिग्मा’ची पदवी चिकटली. ‘फोर्ब्स’ असं प्रमाणपत्र देत नाही आणि मूळ लेखकाने तो शब्द वापरलाच नव्हता, असं त्याने पुढे स्वतः सांगितलं. पण तोवर गाडी फार पुढे गेली होती. २००३ च्या नोव्हेंबरात प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला येऊन भेटून गेले. २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला मेदगे आणि आणखी एक डबेवाले लंडनला जाऊन आले. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर अभ्यासप्रकरण तयार केलं. २०१३ मध्ये ‘द लंचबॉक्स’ कान महोत्सवात दाखवला गेला, आणि गंमत अशी की त्याची सगळी कथाच एका चुकलेल्या डब्यावर उभी आहे.

या सगळ्या कौतुकात चुकांचा दर होता. कमाईचा आकडा क्वचितच होता. चाळीस डब्यांची, साठ-पासष्ट किलोची फळी डोक्यावर घेऊन दादरचा जिना चढणाऱ्याच्या मानेचं पन्नाशीत काय होतं, हे तर नव्हतंच. डबेवाला कुणाचा नोकर नाही. मुकादमाच्या गटात सगळे भागीदार, सायकल आपली, फळी आपली, खर्च जाऊन उरेल ते सारखं वाटून घ्यायचं. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना हे फार सुंदर वाटतं. ते सुंदर आहेही, गिऱ्हाईक असेपर्यंत.

२२ मार्च २०२० च्या रात्रीपासून करोनामुळे लोकल थांबली. अत्यावश्यक सेवेसाठी जूनमध्ये ती सुरू झाली, पण त्या यादीत डबेवाले नव्हते. त्यांना परवानगी मिळायला ऑक्टोबर उजाडला. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सगळ्यांना गाडी मिळाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, १५ ऑगस्टला दोन लसी घेतलेल्यांसाठी पुन्हा सुरू. यादरम्यान गिऱ्हाईक घरी बसून काम करायला शिकलं होतं. २०२१-२२ या आर्थिक वर्षात देशाची अर्थव्यवस्था सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली आणि परदेशी वृत्तसंस्थांनी ‘सावरण्या’च्या बातम्या दिल्या. डबेवाले त्यातही आलेच. रिकामी सायकल, भिंतीला टेकलेली फळी, गावी भात लावणारा माणूस. या वेळी सूर करुणेचा होता. संकटाआधी पाच हजार माणसं आणि रोजचे दोन लाख डबे असं सांगणारी संघटना आता दीड-दोन हजारांचा आकडा देऊ लागली.

इथे एक साधी गोष्ट बातमीतून निसटली. या तीन हजार जणांना कुणी कामावरून काढलं नाही. मालकच नाही तर काढणार कोण? म्हणून बेरोजगारीच्या कुठल्या नोंदीत ते ठळकपणे दिसत नाहीत. व्हीआरएस नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, नोटीस नाही. जी स्वायत्तता हार्वर्डला आदर्श वाटली, तिनेच त्यांची घसरण नोंदवहीबाहेर ठेवली. एका ब्रिटिश बँकेने २०२१ मध्ये १५ कोटींची मदत जाहीर केली, तीही बातमी झाली. गुणगान आणि कणव यांच्या मधला, नियम-करार-आरोग्य-विमा असा जो रुक्ष प्रदेश आहे, तिथे कॅमेरा थांबला नाही. आपलाही थांबला नाही, हे सांगितलं पाहिजे.

परक्याच्या डोळ्यांत आपले हाल येणं हे गिरणगावाला नवं नाही. गिरणगाव जवळजवळ त्यातूनच कायद्यात आलं. १८७० च्या दशकात मुंबईच्या गिरण्या जोम धरू लागल्या तशी लँकेशायर-मँचेस्टरच्या गिरणीमालकांना इथल्या मजुरांची काळजी वाटू लागली. मुलं किती तास राबतात, सुट्टी का नाही, असे प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात गाजले. १८७५ मध्ये चौकशी आयोग बसला, १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. हेतू काय होता ते उघड होतं. मुंबईचं सूत महाग व्हावं. म्हणून इथली बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रं या कायद्यावर तुटून पडली. आगरकरांच्या प्रभावाखालचा ‘मराठा’ हा एक ठळक अपवाद. दुसरा आवाज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’चा.

लोखंड्यांनी जे केलं ते मला आजही विलक्षण वाटतं. मँचेस्टरला खोटं ठरवायचं की देशी मालकाची बाजू घ्यायची, या दोन्हींत ते अडकले नाहीत. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज नव्याने बसलेल्या चौकशी आयोगासमोर ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पंधरा तारखेच्या आत पगार, अपघात झाल्यास भरपाई. लँकेशायरच्या काळजीमागचा स्वार्थ ओळखून तिचा उपयोग करून घेणं, हे त्यांना जमलं. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आपण रविवारी उशिरा उठतो त्यात थोडा वाटा मँचेस्टरच्या मत्सराचा आहे.

त्यानंतरच्या काळात आपण लोखंड्यांइतके शहाणे राहिलो नाही. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल याची भारतावरची सात भागांची मालिका १९७० मध्ये बीबीसीवर दाखवली गेली. तिचा शेवटचा भाग मुंबईवर आहे. सरकार इतकं चिडलं की बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालय बंद करायला लावलं. २०१४ मध्ये मंगळयान पोहोचलं तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने गाय घेऊन प्रतिष्ठितांच्या क्लबचं दार ठोठावणारा शेतकरी छापला, आणि टीका झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली. २०२३ मध्ये जर्मनीच्या ‘डेर श्पिगेल’ने लोकसंख्येत चीनला मागे टाकणारा भारत म्हणून टपावर माणसं लटकलेली आगगाडी काढली. चिडण्यासारखंच चित्र होतं. गंमत म्हणजे त्या दिवशी चिडलेले बरेच जण सकाळी ८.१७ च्या फास्ट लोकलच्या दारात लोंबकळत होते आणि फोनवर निषेध लिहीत होते.

चिडण्याचं एक गणित आहे. परक्याने गरिबी दाखवली की आपला अपमान होतो, डबेवाला दाखवला की छाती फुगते. दोन्ही वेळा बोलणं परक्याच्या नजरेबद्दल होतं आणि माणूस बाजूला राहतो. लालबागच्या राजाचंही तसंच. दरवर्षी तिथे परदेशी कॅमेरे असतात, श्रद्धेचा महापूर टिपतात, आपणही तेच दाखवतो. पेरू चाळीचा बाजार १९३२ मध्ये बंद पडला, कोळणी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले, बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून नवस बोलले गेले आणि जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये हा गणपती बसला. त्या नवसात धंद्याला बसायला जागा मागितली होती. जगभर मंदी होती ती वर्षं. रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं?

हे परदेशीपणाचं दुखणं आहे असंही मला वाटत नाही. अमेरिकन फोटोग्राफरांनी डेट्रॉइटच्या ओसाड कारखान्यांचे इतके देखणे फोटो काढले की तिथल्या लोकांनी त्याला विटून नावं ठेवली. फोटोत माणसंच नव्हती. पाहुणा कुठूनही आलेला असो, त्याच्याकडे वेळ नसतो आणि त्याला उत्तर आधीच हवं असतं. उलट उदाहरण आपल्याकडेच आहे. हब व्हान वेर्श हा डच अभ्यासक संपाच्या मागे लागून मुंबईत राहिला. कामगारांशी इथे बोलला, गावी परतलेल्यांशीही बोलला. त्याचं पुस्तक १९९२ मध्ये आलं, संप सुरू झाल्याला दहा वर्षं झाल्यावर. त्यानंतर डॅरिल डिमाँट यांचं जमिनीच्या सौद्यांवरचं पुस्तक २००२ मध्ये, आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगारांच्याच तोंडून उभा केलेला इतिहास २००४ मध्ये. यातलं काहीही चार दिवसांत झालेलं नाही. मराठी रंगभूमीवर जयंत पवारांचं ‘अधांतर’ १९९७ मध्येच आलं होतं. संपानंतरचं घर आतून कसं कुजतं ते पाहायचं असेल त्याने कुठल्याही साप्ताहिकाआधी तिकडे वळावं.

घरांच्या सोडतीचा हिशेब तर कुणालाही मांडता येईल असा आहे, त्याला दुभाषाही लागत नाही. म्हाडाने गिरणी कामगारांसाठी २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली, साडेसात लाखांना एक. २०१६ मध्ये २,६३४ घरं, २०२० च्या मार्चमध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४, किंमत साडेनऊ लाख. बेरीज १३,४५३. अर्ज दीड लाखाच्या आसपास. घर २२५ चौरस फुटांचं. अर्जासोबत गिरणीचा पास, हजेरीकार्ड किंवा ईएसआयचं कार्ड लागतं आणि कामगार हयात नसेल तर वारसाचे कागद. १९८२ साली तिशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे, म्हणजे बहुतेक फायलींत वारसाचे कागद आहेतच.

उरलेल्यांसाठी सरकारने कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणीत घरं देऊ केली. ९ जुलै २०२५ ला गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. त्यांचं म्हणणं, ज्या जमिनीवर राबलो ती मुंबईत आहे, घरही मुंबईतच हवं. लालबागहून वांगणीला लोकलने जायला पावणेदोन तास धरावे लागतात, गाडी वेळेवर असली तर.